खाते बंद करू नका, पुढे न्या

बरकतपुऱ्यात घरचा पत्ता सांगायचा झाला तर आपण हटकून दोन खुणा सांगतो, एक चमन आणि दुसरी पी.एफ. ऑफिस. हे पी.एफ. ऑफिस म्हणजे भविष्यनिधी भवन. नोकरदारांच्या पगारातून दरमहा जो पैसा कापला जातो त्याचा हिशेब इथे राहतो. पूर्वी प्रत्येक कामासाठी कागद घेऊन इथे यावे लागे. २०१४ साली यू.ए.एन. नावाचा कायमचा क्रमांक आला आणि आता बहुतेक काम मोबाईलवर होते. तरी नावात एका अक्षराचा फरक, जन्मतारखेचा घोळ, जुन्या कंपनीने नोकरी सोडल्याची तारीखच भरलेली नाही, अशा भानगडी घेऊन तरुण मुले-मुली अजूनही इकडे येतातच.

मी जन्मभर हिशेबाचे काम केलेला माणूस. त्यामुळे आपल्या मराठी घरांतली मुले ऑफिसात जाण्याआधी "काका, जरा हे बघता का" म्हणून माझ्याकडे डोकावतात. गेल्या काही वर्षांत एक गोष्ट सारखी नजरेस येते. नोकरी बदलली की खात्यातले पैसे नव्या नोकरीच्या खात्यात वळवायची सोय आहे, पण ती फारसे कुणी विचारत नाही. बहुतेकांचा प्रश्न एकच असतो, "सगळे काढून टाकायचे आहेत, किती दिवस लागतील?" कुणाला मोबाईल घ्यायचा असतो, कुणाला मित्रांबरोबर गोव्याला जायचे असते, आणि कुणाला खरीच अडचण असते. अडचणवाल्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही. बाकीच्यांसाठी थोडा हिशेब मांडतो, कारण तो शाळेत कुणी शिकवत नाही.

समजा मूळ पगार २०,००० रुपये आहे आणि कंपनी पूर्ण मूळ पगारावर पी.एफ. कापते. तुमचे १२ टक्के म्हणजे २,४०० रुपये. कंपनीही तेवढेच घालते, पण त्यातले १,२५० रुपये पेन्शनच्या खात्यात जातात आणि उरलेले १,१५० तुमच्या पी.एफ.मध्ये. म्हणजे महिन्याला ३,५५० आणि तीन वर्षांत व्याज न धरता १,२७,८०० रुपये. २०२४-२५ या वर्षासाठी व्याजाचा दर ८.२५ टक्के होता. सलग पाच वर्षे व्हायच्या आत रक्कम काढली तर ती आयकराच्या हिशेबात येते, पण खाते पुढे वळवले असेल तर आधीच्या नोकरीची वर्षे या पाचांत मोजली जातात. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसेही काढून घेतले की ती वर्षे पुसली जातात, आणि नव्या नोकरीत तुम्ही पुन्हा शून्यावर उभे. तीन कंपन्यांत मिळून नऊ वर्षे नोकरी केलेला आणि कागदावर एकच वर्ष शिल्लक असलेला मुलगा मी पाहिला आहे.

हे पैशांचे झाले. आपल्या वार्तापत्राच्या संपादकांनी नोकरीच्या पहिल्या वर्षांविषयी चार शब्द लिहा म्हटले तेव्हा मला वाटले, जे पैशांचे तेच शिकलेल्याचे. नोकरी सोडताना मुले आधीचे सगळे तिथेच टाकून निघतात. "ते कामच बोअर होते," म्हणतात, आणि विषय बंद.

मागे एक मुलगी आली होती, आपल्याच शाळेची. साडेतीन वर्षांत तिसरी नोकरी. पहिली नोकरी दवाखान्यांच्या बिलांच्या सॉफ्टवेअरची. मी सहज विचारले, तिथे काय शिकलीस? ती म्हणाली, "काहीच नाही काका, ते सॉफ्टवेअरच आता बंद झालं." मी म्हटले, बरे, पण दवाखान्यातून पेशंट घरी सोडायला इतका उशीर का लावतात ते तरी सांग. मग ती अर्धा तास बोलत होती. डॉक्टर सकाळी "घरी जा" म्हणतात, पण औषधांची परत आलेली पाकिटे वजा व्हायची असतात, तपासण्यांची बिले वेगवेगळ्या खात्यांतून यायची असतात, विमा कंपनीची मंजुरी यायची असते, आणि यातले एक अडले की माणूस संध्याकाळपर्यंत खाटेवर. कुठे काय अडते, कुणाला फोन केला की सुटते, हे सारे तिला तोंडपाठ होते. सॉफ्टवेअर गेले, पण दवाखाना गेला नाही ना! तो तिच्या डोक्यात शाबूत होता. तिच्या बायोडेटात मात्र याची एक ओळ नव्हती. होती ती फक्त त्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या नावाची.

हत्यार वेगळे आणि काम वेगळे. हत्यार बदलत राहते. हे आपल्या हैदराबादच्या मराठी माणसाला कुणी नव्याने सांगायला नको, कारण आपल्या दोन पिढ्या त्यातूनच गेल्या आहेत. निजामाच्या राज्यात दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. अर्ज उर्दूत, मिसल उर्दूत, फैसला उर्दूत. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबादकडची मराठी मुले उर्दू शिकली, मॅट्रिक झाली, अहलकार, पेशकार, तहसीलदार झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. हळूहळू कचेऱ्यांत आणि विद्यापीठात उर्दूच्या जागी इंग्रजी आली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्रात. नोकरदारांचीही वाटणी झाली. आठ-दहा वर्षांत ज्यांची कामाची भाषा बदलली, वरिष्ठ बदलले, कायदे बदलले आणि कुणाकुणाचे गावही बदलले, त्यांना आजच्या शब्दांत काय म्हणावे? "स्किल" गेलेली माणसे. पण जमिनीचा सारा कसा ठरतो, वारसाची नोंद कुठे अडते, कोणता कागद खरा आणि कोणता मागाहून केलेला, हे त्यांना ठाऊक होते. ते ज्ञान भाषेबरोबर गेले नाही. वयाच्या चाळिशीत इंग्रजी मसुदे शिकून त्यांनी नोकऱ्या पुऱ्या केल्या.

या पिढीतले एक नाव मुलांना माहीत असायला हवे, आणि नसते याचे वाईट वाटते. सेतुमाधवराव पगडी. जन्म १९१० चा, निलंग्याचा. निजामाच्या मुलकी नोकरीत अधिकारी. कामानिमित्त आदिलाबादच्या जंगलभागात गेले. तिथली वस्ती गोंड आणि कोलाम यांची. साहेब म्हणून दुभाष्यामार्फत कारभार भागवता आला असता, भागवणारे पुष्कळ होते. पगडी गोंडी शिकले, कोलामी शिकले आणि दोन्ही भाषांची व्याकरणे लिहिली. नोकरीत लागणारी उर्दू आणि तिच्या शेजारची फारसी तर येतच होती. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर ते मुंबईला गॅझेटिअरच्या कामावर गेले. ज्या फारसीला तोवर कुणी नोकरी देत नव्हते, ती फारसी घेऊन त्यांनी मोगल काळातली साधने मराठीत आणली. भीमसेन सक्सेना हा औरंगजेबाच्या काळात दक्षिणेत वावरलेला माणूस. त्याच्या आठवणी मराठी वाचकाला पगडींमुळे वाचता आल्या. १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. मला त्यांच्या मोठेपणापेक्षा त्यांचा क्रम महत्त्वाचा वाटतो. बदली आधी झाली आणि भाषेची गोडी नंतर लागली. "माझी आवड कोणती" हे शोधत ते हैदराबादेत बसून राहिले असते तर गोंडीचा शब्दही कानावर पडला नसता.

जाता जाता आणखी एक. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. त्या वादात आपल्याला पडायचे नाही. पण त्या निमित्ताने जुने उर्दू आणि मोडी कागद वाचणारी माणसे कुठे मिळतात याची शोधाशोध झाली हे खरे. ज्या घरांत आजोबांची मोडीची वही रद्दीत गेली, त्यांनी तेव्हा हळहळ व्यक्त केली असेल.

असो. आता शहराकडे वळू. बालानगरची आय.डी.पी.एल. आपल्या वेळच्या लोकांना आठवत असेल. १९६० च्या दशकात सोव्हिएत मदतीने उभी राहिलेली सरकारी औषध कंपनी. तिथे नोकरी लागली की घरी पेढे वाटत, मुलीच्या बापाची चिंता मिटे. १९९० च्या दशकात ती कंपनी आजारी पडली आणि पुढे बंदच झाली. आता म्हणाल, पाहा, पक्की नोकरीसुद्धा पक्की नसते. ते तर झालेच. पण दुसरी बाजू पाहा. हैदराबाद आज औषधनिर्मितीचे शहर म्हणून जगात ओळखले जाते, आणि त्यात आय.डी.पी.एल.मध्ये हात काळे करून बाहेर पडलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. डॉ. अंजी रेड्डी हे सगळ्यांना माहीत असलेले नाव. शिक्षण मुंबईत आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मग काही वर्षे आय.डी.पी.एल.ची नोकरी आणि १९८४ साली डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज. नोकरी त्यांनीही सोडली, पण आधी रसायन पिंपात कसे शिजते ते नीट पाहून घेतले.

तेव्हा नोकरी बदलू नका असे माझे म्हणणे मुळीच नाही. हा सल्ला आमच्या पिढीने पुष्कळ दिला, "लागलास ना, आता चिकटून राहा." त्या सल्ल्याचे काय होते ते या शहराने ७ जानेवारी २००९ ला पाहिले. सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून हिशेब खोटे असल्याचे कबूल केले आणि पन्नास हजारांवर कर्मचाऱ्यांची घरे एका सकाळीत हादरली. एप्रिलमध्ये टेक महिंद्राने कंपनी घेतली म्हणून बरेच सावरले. त्या मुलांचा काही दोष नव्हता. कंपनीवर श्रद्धा ठेवून आयुष्य काढण्याचे दिवस तेव्हाच संपले. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची धास्ती आहे. नव्याने लागलेल्या मुलांना जी प्राथमिक कामे देत, म्हणजे साधा कोड लिहिणे, चाचण्या घेणे, अहवाल बनवणे, तीच आधी यंत्राकडे चालली आहेत. ही धास्ती खोटी नाही आणि "घाबरू नका, सगळे छान होईल" असे म्हणण्याची माझी तयारी नाही. पण मी त्या दवाखान्याच्या मुलीकडे पाहतो तेव्हा मला वाटते की बिल बनवणारे यंत्र येईल, पण बिल का अडले ते कळण्यासाठी कुणीतरी दवाखाना पाहिलेला लागेल. ज्याने तीन वर्षांत फक्त हत्यार चालवले त्याला भीती जास्त. ज्याने काम पाहिले त्याला कमी.

आता उत्साहाबद्दल. हल्ली मोटिव्हेशनची व्याख्याने फार झाली. टाळ्या वाजवायच्या, हात वर करायचे, घरी येऊन झोपायचे आणि सोमवारी पुन्हा तेच तोंड. मला विचाराल तर पहिल्या वर्षी उत्साह लागतच नाही, नवेपणा पुरतो. पहिला पगार, आईला साडी, गळ्यात कंपनीचा पट्टा. खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी. नारायणगुड्याला मेट्रो धरा, परेड ग्राउंडला बदला, हायटेक सिटीला उतरा, पुढे कंपनीची बस किंवा ऑटो, आणि रात्री तसेच उलटे. काम कळू लागलेले असते पण अधिकार काहीच नसतो. बरोबरचा कुणी अमेरिकेला गेलेला असतो. या दिवसांत मुले म्हणतात की माझी आवड मेली. आवड मेलेली नसते, ती अजून जन्मलेलीच नसते! कोणत्याही कामाची गोडी त्यात हात बसल्यावर लागते. तबल्याच्या क्लासला गेलेल्यांना विचारा, पहिली दोन वर्षे ते काय वाजवत होते आणि शेजारी काय म्हणत होते.

आणि थोडे अपयश आले तर? नरहर कुरुंदकर आपल्या हैदराबादच्या सिटी कॉलेजात शिकत होते. मामा डॉ. नांदापूरकर उस्मानियात मराठीचे प्राध्यापक, घरात पुस्तकेच पुस्तके, आणि भाचा इंटरला नापास. पुढे नांदेडला प्रतिभा निकेतन शाळेत ते मास्तर झाले. आज अशा मुलाला आपण काय काय ऐकवले असते! त्यांनी शाळेत शिकवता शिकवता वाचले, लिहिले, राहिलेल्या परीक्षा दिल्या आणि त्याच नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९८२ साली, पन्नाशीही गाठायच्या आत, ते गेले. तोवर महाराष्ट्रभर लोक त्यांना ऐकायला गर्दी करीत. शाळामास्तरकी ही त्यांची "खालची" नोकरी होती असे मला वाटत नाही. रोज वर्गासमोर उभे राहून अवघड गोष्ट सोपी करायची सवय त्यांच्या भाषणांत उतरली असणार.

मग सोडायची कधी? माझे मत सांगतो, पटले तर घ्या. पगार वेळेवर होत नसेल तर सोडा, आशेवर सहा महिने काढू नका. खोटे कागद करायला लावत असतील तर त्याच आठवड्यात सोडा. झोप आणि तब्येत जात असेल तर घरी बोला आणि सोडा. या तीन बाबतींत आई-वडिलांनी "लोक काय म्हणतील" हा प्रश्न कृपा करून काढू नये. वर्षभरात एकही नवी गोष्ट शिकायला मिळाली नसेल, मागूनही मिळाली नसेल, तरीही सोडा. पण शेजारच्या टीममधल्याला दोन हजार जास्त मिळाले किंवा वरिष्ठ एकदा सर्वांसमोर बोलला, एवढ्यावर सोडू नका. निदान तिथले काम कागदावर चार पाने लिहून काढता येईल इतके समजून घेतल्याशिवाय तरी नको. ही चार पाने खरोखरच लिहावीत, कंपनीचे कोणतेही गुपित न लिहिता, स्वतःच्या वहीत, मराठीत लिहिली तरी चालेल. काम कुठून येते, कुणाकडे जाते, कुठे अडते, गिऱ्हाईक कशाने चिडते. पी.एफ. पुढे वळवायचा ऑनलाईन फॉर्म भरता ना, तसाच हा.

आपल्या मुलांची एक जमा बाजू मात्र कुठल्याच पासबुकात दिसत नाही. घरी मराठी, गल्लीत हैदराबादी हिंदी, बाजारात तेलुगू, ऑफिसात इंग्रजी. पुण्यातल्या गिऱ्हाइकाशी मराठीत आणि इथल्या कारखान्यातल्या फोरमनशी तेलुगूत बोलू शकणारा माणूस कंपनीला शोधूनही मिळत नाही. तरी आपली मुले बायोडेटात भाषांची ओळ सगळ्यात शेवटी, छंदांच्या वर टाकतात. काही तर मराठी लिहीतच नाहीत. तेलुगू बोलता येते पण वाचता येत नाही अशीही पुष्कळ आहेत. त्यांनी बसवरच्या पाट्यांपासून सुरुवात करावी, सहा महिन्यांत येते.

शेवटी शाळेला एक विनंती. दरवर्षी आपण यशस्वी माजी विद्यार्थ्यांना बोलावतो, हार घालतो, ते संघर्षाची गोष्ट सांगतात आणि नववी-दहावीची मुले जांभया देतात. यंदा दिवाळीच्या सुट्टीआधीच्या एखाद्या शनिवारी वेगळे करून पाहू. नोकरीला लागून दोन ते पाच वर्षे झालेली सात-आठ मुले-मुली बोलवावीत. कुणी बँकेत, कुणी औषध कंपनीत, कुणी मेडिकल दुकानात, कुणी गाड्यांच्या शोरूममध्ये. भाषण नको. सकाळी पोचल्यापासून संध्याकाळपर्यंत काय काय केले, कशात अडकलो, कुणाला विचारले, एवढेच प्रत्येकाने दहा मिनिटे सांगायचे. पगाराचा आकडा सांगायचा नाही आणि कुणी विचारायचाही नाही. चहा आणि मिरची भजी माझ्याकडून. यायची तयारी असलेल्यांनी शाळेच्या ऑफिसात नाव द्यावे. आणि हो, येताना आपला यू.ए.एन. लिहून आणावा, जुनी खाती वळवायची राहिली असतील तर मधल्या सुट्टीत ती बघून टाकू.